दयेचाही हिशेब मांडा

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक अशिष्ट वर्तन घडले. गावातल्या काही सज्जनांनी दिवाळीत तुरुंगातल्या बंद्यांना फराळ वाटण्याचा बेत केला होता, आणि त्या प्रसंगी 'दोन शब्द' बोलण्यासाठी मला बोलावले होते. मी येणार नाही असे कळवले. प्रकृतीचे कारण पुढे केले असते तर कोणाचाच राग झाला नसता. या वयात ते खपूनही गेले असते. पण मला दुर्बुद्धी सुचली आणि मी खरे कारण लिहिले. मी लिहिले की, ज्या दयेचा कोणी हिशेब ठेवत नाही, तिच्यासाठी भाषण करण्याचे मी आता सोडून दिले आहे.

झाले! त्या दिवसापासून दोघा जुन्या मित्रांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. तिसरे भेटले ते म्हणाले, "गुरुजी, चकलीचा कसला हो हिशेब मागता?" चौथ्यांनी तर मी नास्तिक झाल्याची वार्ता पसरवली. तेव्हा म्हटले, आता दिवाळी अंकातच सविस्तर उत्तर द्यावे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचणाऱ्या माझ्या वाचकांनी मला क्षमा करावी. विषय कडू आहे. पण कारल्याची भाजीही आपण पानात वाढतोच की!

आम्हां मराठी माणसांचे तुरुंगाशी नाते मोठे विलक्षण आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तेव्हा तुरुंगात जाणे हा घराण्याचा मान होता. त्या थोरांच्या कोठड्यांपुढे आपण फुले वाहतो. पण शेजारच्या कोठडीत कोण होते? खिसेकापू होता, दारू गाळणारा होता, बांधाच्या भांडणात भावाच्या डोक्यात काठी घातलेला होता. तो तेव्हाही तिथे होता आणि आजही तिथे आहे. मला बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

मी या जिल्ह्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा म्हणून एका तुरुंगात दर रविवारी साक्षरतेचा वर्ग घेऊ लागलो. तुरुंग कोणता, ते सांगण्याचे कारण नाही. सात वर्षे मी तो वर्ग चालवला. अंगठे उठवणारी माणसे सही करू लागली, घरी स्वतःच्या हाताने पत्रे लिहू लागली. वर्ग संपला की मी प्रत्येकाला सांगत असे, "बाहेर आलास की मला भेट बरे का." हे वाक्य म्हणताना मला स्वतःविषयी फार बरे वाटत असे.

एका उन्हाळ्यात दुपारी खरेच एक जण भेटायला आला. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "गुरुजी, वळखलं का जी? तुमच्या वर्गात व्हतो मी." मी त्याला ओसरीवर बसवले, पाणी दिले, चहा दिला. तो म्हणाला, "मले वाचता येते आता. पन काम कोनी देत नाई. गावात घरातबी घेत नाई. काई काम असन त पाहा नं जी. बाहीर आल्यावर भेटजो म्हनून तुमीच सांगतलं होतं." मला काय बोलावे ते सुचेना. घरात सुना, नातवंडे. शेजारी काय म्हणतील हा विचार. आणि काम देण्यासारखे माझ्याजवळ होते तरी काय? मी त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवले आणि "पाहतो, कळवतो" म्हणून त्याची बोळवण केली. त्याने पैशाकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि रामराम करून तो निघून गेला. त्याचा पत्ताही मी विचारला नव्हता. मग कळवणार कुठे?

त्याचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

हे वाक्य मी वाचकांपुढे मुद्दाम एकटे उभे केले आहे. सात वर्षांत माझ्या हाताखालून किती माणसे गेली, त्यांतली किती पुन्हा आत आली, किती जणांना काम मिळाले, किती जणांचा संसार सावरला, यांतले एकही मला ठाऊक नाही. माझी एक भाची मुंबईला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्र शिकली. दिवाळीला आली असताना मी तिला माझ्या वर्गाच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, तुमच्या वर्गातले किती जण परत आत गेले? आणि जे वर्गात आले नाहीत त्यांच्यातले किती?" मी रागावलो. म्हणालो, "पोरी, प्रेमाला तराजू लावतेस?" ती म्हणाली, "प्रेमाला नाही, मामा. परिणामाला." त्या रात्री मला झोप आली नाही. आज मी तिची बाजू घेऊन लिहीत आहे, हे तिने वाचावे.

आता दोन गोष्टी सांगतो. दोन्ही १९३९ सालच्या आहेत.

पहिली आपल्या घरची. औंध संस्थानात आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली. भिंत नाही, गज नाहीत. कैद्याने बायकामुलांसह राहावे आणि जमीन कसून पोट भरावे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे पाठबळ आणि मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची कल्पना, असा तो योग होता. त्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. तो पाहून रडला नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. ती वसाहत आजही आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत रिचर्ड कॅबट नावाच्या एका सहृदय डॉक्टराने वाट चुकू पाहणाऱ्या मुलांसाठी एक योजना आखली. सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या. नाणेफेक करावी तसे जोडीतल्या एकाला मदतीसाठी निवडले, दुसऱ्याला तसेच राहू दिले. निवडलेल्या मुलाला वडीलधाऱ्यासारखा समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळ्यात शिबिरे असे सारे काही काही वर्षे पुरवले. जोन मॅककॉर्ड या विदुषीने तीस वर्षांनी ती मुले पुन्हा शोधून काढली आणि १९७८ साली निष्कर्ष छापला. मोठी झालेली ती माणसे त्या योजनेची गोडवी गात होती. पण आकडे निराळेच सांगत होते. मदत मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेलेले, लवकर मेलेले असे दुसऱ्यांपेक्षा अधिक निघाले!

वाचकहो, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. प्रेमाने केलेल्या कामाने अपाय होऊ शकतो? आपल्या यवतमाळकरांना तरी हे समजायला हवे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर औषध म्हणून जे फवारले, तेच नाकातोंडात जाऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याचा हेतू पीक वाचवण्याचाच होता. पण मात्रा किती, मिश्रण कोणते, वारा कुठल्या दिशेचा, हे त्याला शिकवायला बांधावर कोणी गेले नव्हते. हेतू शुद्ध असला म्हणून विष आपला गुण सोडत नाही.

आता सांगा, या दोन गोष्टींत फरक कोणता? स्वतंत्रपूर हृदयाला अधिक भिडते यात संशय नाही. मलाही तेच आवडते. पण त्या बोलपटातले सहा कैदी आपल्याला तोंडपाठ आहेत; वसाहतीतून सुटून गेलेल्या खऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले? तिथे माणसाला कशाने सावरले? जमिनीने? बायकामुलांच्या सहवासाने? टाकलेल्या विश्वासाने? की मुळात निवडच शहाण्यांची केली होती? हे कळल्याशिवाय दुसरे स्वतंत्रपूर उभे कसे राहणार? दुसऱ्या गोष्टीतल्या माणसांनी मात्र आपल्या दयेचा जमाखर्च लिहून ठेवला आणि तोटा आला तेव्हा तोही जगापुढे मांडला. त्या तोट्याच्या वहीतून एक शास्त्र जन्माला आले.

त्या शास्त्राचा इतिहासही रंजक आहे. १९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन यांनी अमेरिकेतल्या सुधारप्रयोगांचे हिशेब तपासून लेख लिहिला. त्याचा लोकांनी एवढाच अर्थ घेतला की, कशानेच काही होत नाही. सरकारे खूश झाली, खर्च वाचला! पाच वर्षांनी मार्टिन्सन यांनी स्वतःच आपले म्हणणे बरेचसे मागे घेतले, पण तोवर दरवाजे बंद झाले होते. पुढे कॅनडातल्या डॉन अँड्र्यूज, जेम्स बाँटा वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास तीन साधी सूत्रे मांडली. ज्याच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका जास्त, त्याच्यावर मेहनत जास्त घ्या. ज्याचा धोका कमी, त्याला उगाच यंत्रणेत ओढू नका, कारण तो तिथे बिघडतो. गुन्ह्याला कारण होणारी जी गरज असेल, मग ते व्यसन असो, संगत असो, बेकारी असो की रागीट विचारांची सवय असो, तिच्यावरच इलाज करा. आणि शिकवायचे ते त्या माणसाला समजेल, पचेल अशा रीतीने शिकवा. ऐकताना वाटते, यात नवे ते काय? आजीबाईंनाही हे ठाऊक होते. पण आजीबाईंना ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी तपासात खोट्याही ठरल्या आहेत. 'पोरांना एकदा तुरुंग दाखवून आणा, जन्मठेपवाल्यांकडून दम भरवा, म्हणजे वचक बसेल,' हे तर आपल्याकडे घरोघरी म्हणतात. न्यू जर्सीच्या तुरुंगात हाच प्रयोग झाला आणि १९७८ साली त्याचा गाजलेला चित्रपटही निघाला. पुढे अशा प्रयोगांची काटेकोर तपासणी झाली, तेव्हा दम खाल्लेली पोरे न खाल्लेल्यांपेक्षा अधिक गुन्हे करताना आढळली.

हे जाणणारी माणसे आपल्याकडे तयार होत नाहीत असे नव्हे. मुंबईत १९३६ साली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५१-५२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या वतीने वॉल्टर रेकलेस हे तज्ज्ञ भारतात आले आणि तिथे तुरुंगाधिकाऱ्यांचे शिक्षण झाले. तिथल्याच लोकांनी १९९० साली 'प्रयास' हा उपक्रम सुरू केला. त्यातले कार्यकर्ते आजही तुरुंगांत आणि न्यायालयांत काम करतात. येरवड्याला तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. पण मुंबई-पुण्याचे हे पाणी वऱ्हाडच्या शेतापर्यंत किती पोहोचते? न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे उर्दूचे नामांकित कवी. त्यांच्या समितीने १९८३ साली सांगितले की, तुरुंग आणि सुधारसेवेसाठी साऱ्या देशाची एक स्वतंत्र प्रशिक्षित सेवा उभारा. ती सेवा अजून उभी राहिलेली नाही. खात्याच्या नावात मात्र 'सुधारसेवा' हा शब्द आला. आम्ही पाटी फार लवकर रंगवतो!

सर्वांत मोठी चेष्टा पुढेच आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्याने सांगितले की, एकवीस वर्षांखालचा आरोपी दोषी ठरला, तर जन्मठेपेइतका गुन्हा नसल्यास न्यायाधीशाने त्याला तुरुंगात धाडण्यापूर्वी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तरीही धाडायचेच असेल तर कारणे लिहून ठेवावीत. म्हणजे एका तरुणाचे सारे आयुष्य एका कागदावर अवलंबून! तो कागद लिहिणारा कोण? आमचा जिल्हा सोळा तालुक्यांचा. यवतमाळहून एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड. दोन्हीकडे शंभर किलोमीटरांच्या घरातले अंतर. मधे कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, पारध्यांचे बेडे. तिथे जाऊन, त्यांची बोली समजून, त्या पोराचे घर, संगत, व्यसन, मालक आणि शेजार पाहून त्याने अहवाल लिहायचा. शिवाय तुरुंग गृहखात्याचा आणि परिविक्षा महिला व बालविकास खात्याची. एकाच माणसाचे धड एका खात्यात आणि पाय दुसऱ्यात! अशा नाजूक कामाला शास्त्रशुद्ध शिक्षण नको, नुसते भले मन पुरे, असे ज्याला वाटते त्याने आपल्या मुलाचे ऑपरेशन एखाद्या भल्या मनाच्या हलवायाकडून करून घ्यावे.

आता माझ्या प्रतिपक्षाला उत्तर देतो.

माझा एक शेतकरी मित्र तावातावाने म्हणाला, "इथं बोंडअळीनं कापूस खाल्ला, कर्जापायी माणसं फास घेऊन राहिली, आन तुमी चोरायसाठी पदव्या काढून राहिले!" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या जिल्ह्याचे नाव देशाला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ठाऊक झाले, तिथे हा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे. पण मी त्याला विचारतो, तुरुंगात आहे तरी कोण? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती, आणि त्यांतली शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही अशी होती. जामिनाला माणूस नाही म्हणून सडत पडलेली ही माणसे कोणत्या बंगल्यातून आली? ती त्याच शिवारातून आली, मित्रा, जिथून तू आलास. आणि सुटलेला माणूस पुन्हा चोरी करतो, तेव्हा मोटार तुझ्याच विहिरीवरची जाते, शेळी तुझ्याच शेजारणीची जाते. त्याला सावरणारा शिकलेला माणूस हा तुझ्या शिवाराचा राखणदारच आहे.

दुसरे म्हणतात, "पदवीने काय होते? अनुभव हवा." मला चौतीस वर्षांचा शिकवण्याचा आणि सात वर्षांचा तुरुंगातला अनुभव आहे. तो अनुभव ओसरीवर पन्नास रुपये देऊन संपला. ज्याची नोंद नाही आणि ज्याची फेरतपासणी नाही, त्या अनुभवात माणूस एकच चूक वर्षानुवर्षे करतो आणि तिला परंपरा म्हणतो.

तिसरा आक्षेप मात्र मोलाचा आहे. कॅनडाचे माप यवतमाळच्या माणसाला कसे लावता? मी म्हणतो, मुळीच डोळे मिटून लावू नका! शास्त्राच्या नावाखाली या भूमीवर काय झाले, ते मी विसरलेलो नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदाही 'अभ्यासूंनीच' केला होता. पारध्याच्या पोटी जन्मला तो जन्मजात चोर, असे त्यांचे गणित होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि ते लोक विमुक्त म्हणवले गेले. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी कुठे वळते, हे विचारायला बेड्यावर जाण्याची गरज नाही. तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. उद्या एखादा अर्धशिक्षित मनुष्य 'धोक्याचा तक्ता' भरू लागेल आणि 'नातेवाइकांपैकी कोणी तुरुंगात होते काय?' या प्रश्नापुढे खूण करील, तर साऱ्या बेड्यालाच लाल शेरा बसेल आणि १८७१ साल नव्या कपड्यांत परत येईल. म्हणूनच मी पूर्ण शिक्षण मागतो. अर्धशिक्षित मनुष्य तक्ता भरतो. पूर्ण शिकलेला मनुष्य तक्त्यावरही संशय घेतो, तो इथल्या मातीत तपासून पाहतो आणि चुकला तर फेकून देतो.

तर माझे मागणे एवढेच. अमरावती विद्यापीठाच्या परिसरात समाजकार्याची महाविद्यालये आहेत, आमच्या यवतमाळातही आहे. तिथे सुधारकार्याचा संपूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम चालावा; एका पेपराने सुधारसेवक होत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने सुटून आलेल्या काही माणसांची दोन वर्षे साथ करावी, त्यांच्या घरी जावे, कामासाठी त्यांच्याबरोबर उंबरे झिजवावेत, आणि जे घडेल ते, यश असो वा अपयश, लिहून ठेवावे. परिविक्षा अधिकाऱ्याच्या जागेवर असेच शिकलेले माणूस नेमावे. आणि तुरुंगात योगासने असोत, कीर्तन असो, साक्षरता असो की फराळ असो, जो कोणी जे काही करील त्याने एक वर्षाने येऊन उत्तर द्यावे, की ज्यांना हे दिले त्यांचे काय झाले आणि ज्यांना दिले नाही त्यांचे काय झाले.

यावर कोणी म्हणेल, मग फराळ वाटूच नये काय? वाटा, बाबांनो, अवश्य वाटा! दिवाळीच्या दिवशी गजाआड लाडू मिळणे ही काही लहान गोष्ट नाही. फक्त त्याला सुधारणा म्हणू नका, आणि छायाचित्र काढून झाल्यावर आपले कर्तव्य संपले असे समजू नका. लाडू खाणारा माणूस पुढे केव्हातरी सुटणार आहे. एखाद्या दुपारी तो तुमच्याही फाटकाशी उभा राहील.

मी यंदा एक वही घातली आहे. माझ्या वर्गातली जेवढी नावे आठवली तेवढी तिच्यात लिहिली आहेत आणि भाचीच्या सांगण्यावरून प्रत्येक नावापुढे रकाने आखले आहेत. दिवाळी आटोपली की एकेकाच्या गावी जाऊन शोध घेणार आहे. गुडघे कुरकुरतात, पण एस.टी. अजून धावते. वहीतले पहिले नाव ओसरीवर येऊन गेलेल्याचे आहे. त्याच्यापुढचे सारे रकाने आज तरी कोरे आहेत.